क्रॉस-प्लॅटफॉर्म लायब्ररी: पब्लिक हेडरमधे विंडोज डॉट एच घ्यावं का? (माझं मत: अजिबात नको)

सेगफॉल्टराव
आमची एक सी प्लस प्लस लायब्ररी आहे, इमेज डीकोड करणारी, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालायला हवी, आणि सध्या सगळी भांडणं पब्लिक हेडरवरून, म्हणजे वापरणारा आपल्या कोडमधे ओढतो त्या घोषणांच्या फाइलीवरून. टीममधल्या काहींचं म्हणणं, पब्लिक हेडरमधेच इफडेफ (अट बघून कोड घ्यायचा किंवा वगळायचा) टाका, विंडोज असेल तर विंडोज डॉट एच (विंडोजचं मुख्य हेडर) ओढा नाहीतर पोझिक्सवाली (लिनक्स-मॅककडची) हेडरं, विषय संपला. मी म्हणतो ओएसचं एकही हेडर तिथे नको. विंडोज डॉट एच आलं की मिन आणि मॅक्स नावाचे मॅक्रो (कंपाइलच्या आधीच कोडमधला मजकूर बदलणारी नावं) सोबत येतात, मग वापरणाऱ्याचा साधा एसटीडी मॅक्स कंपाइल होत नाही आणि ते मॅक्रो बंद करणारं नोमिनमॅक्स डिफाइन करायचं काम त्याच्या बोडक्यावर. त्याने काय घोडं मारलंय आपलं? सगळं सीपीपीत, म्हणजे लायब्ररीच्या आतल्या सोर्स फाइलीत ठेवा, बाहेर फक्त ओपेक पॉइंटर (आतली रचना न दाखवणारा पत्ता) द्या. बोला.

नल_पॉइंटर
सीपीपीत लपवलं की सुटलो असं वाटतंय का? क्लासमधे गेटमेसेज नावाचं फंक्शन असू द्या. विंडोजच्या हेडरमधे त्याच नावाचा मॅक्रो आहे, युनिकोड बिल्डमधे तो त्याचं गेटमेसेजडब्ल्यू करतो. तुमच्या सीपीपीने आधी विंडोज डॉट एच घेतलं आणि मग स्वतःचं हेडर, म्हणजे लायब्ररीत नाव पडलं डब्ल्यूवालं. वापरणाऱ्याच्या फाइलीत विंडोजचं काहीच नाही, तो बिचारा शोधतोय नुसतं गेटमेसेज. कंपाइल दोन्हीकडे बिनबोभाट, आणि कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर बोंबलतो, अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल, म्हणजे हे नाव सापडत नाही. बसा शोधत.

सेगफॉल्टराव
म्हणूनच सीपीपीत पहिलं इन्क्लूड स्वतःच्या हेडरचं, सिस्टीमची हेडरं त्याच्या खाली. मग हाच घोळ कंपाइलरच पकडतो, क्लासमधे असं मेंबरच नाही म्हणून, आणि तेही आपल्याच मशीनवर. हे तर माझ्याच बाजूचं झालं ना!

मेकफाइलवाली
एवढं सोवळं प्रत्यक्षात पाळता येत नाही हो. कर्ल (नेटवरून डेटा आणणारी लायब्ररी) बघा. पूर्वी त्यांचं कर्लबिल्ड डॉट एच बिल्डच्या वेळी तयार व्हायचं, त्यात त्या मशीनवरचे टाइपचे आकार. ३२ आणि ६४ बिटची डेव्हलपमेंट पॅकेजं एकाच मशीनवर टाकली की एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली भांडायच्या, फेडोरावाल्यांनी तर कर्लबिल्ड-६४ अशा नावाची वेगळी फाइल ठेवून वरून निवड करणारं हेडर बसवलं होतं. २०१७ मधे ७.५५.० ला ते सगळं काढून सिस्टीम डॉट एच आणलं, म्हणजे काय तर सरळ कंपायलरप्रमाणे इफडेफची शिडी. आणि विंडोजवर कर्ल डॉट एच आजही विनसॉक२ (विंडोजचं नेटवर्क हेडर) ओढतंच, कारण सॉकेटचा (नेटवर्क जोडणीचा) टाइप आणि एफडी-सेट (सॉकेटांचा संच) एपीआयमधेच, म्हणजे वापरणाऱ्याला दिलेल्या फंक्शनांतच आहेत. मग त्यांनी काय एपीआय गंगेत सोडायचा?

सेगफॉल्टराव
सॉकेटवाल्यांना सूट, मान्य. पण शिडीत टाइप ठरवणं वेगळं आणि अख्खं ओएस आत घेणं वेगळं. आमच्या डीकोडरला लागतं काय, एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आणि फाइल मॅपिंग (फाइल थेट मेमरीत दिसणं)!

जुना_कोडर
ओपेक पॉइंटर म्हणजे प्रत्येक वस्तूला हीप अलोकेशन (चालताना वेगळी मेमरी मागणं), हे कोणीच बोलत नाहीये. लिबयूव्ही या लायब्ररीत यूव्ही-टीसीपी-टी हा टाइप तुम्ही स्वतःच्या स्ट्रक्टमधे (एकत्र बांधलेल्या डेटात) ठेवू शकता, त्यासाठी कंपायलरला साइज कळायला हवा, म्हणून त्यांचं पब्लिक हेडर प्लॅटफॉर्म बघून विन डॉट एच नाहीतर युनिक्स डॉट एच घेतं. मुद्दाम केलंय ते, आळस म्हणून नाही. कामाच्या कोडमधे हे फरक पडतात.

बाइटबाई
इन्क्लूडवरून इतकं चाललंय पण स्ट्रक्टमधल्या टाइपांकडे बघा की जरा. लाँग हा पूर्णांकाचा टाइप ६४ बिट विंडोजवर ४ बाइट, लिनक्स-मॅकवर ८. ऑफ-टी (फाइलमधली जागा मोजणारा टाइप) त्याहून बेरकी, ३२ बिट लिनक्सवर फाइल ऑफसेट बिट्सचा मॅक्रो ६४ ठेवून लायब्ररी बांधली आणि वापरणाऱ्याने तो ठेवला नाही तर तोच स्ट्रक्ट दोघांना वेगवेगळ्या साइजचा दिसतो, एरर नाही वॉर्निंग नाही, डेटा मात्र खराब. सरळ इंट६४-टी (सगळीकडे ६४ बिटच) लिहा, व्हिज्युअल स्टुडिओत २०१० पासून त्याचं स्टडइंट हेडर आहे, आता कसली सबब. आणि शिडी लिहायचीच तर अँड्रॉइड आधी तपासा, तिथे लिनक्सचा मॅक्रोही डिफाइन्ड असतो. ॲपलचा टार्गेट-ओएस-मॅक मॅक्रो तर आयफोनवरही १ असतो (ज्याने हे नाव ठेवलं त्याला साष्टांग नमस्कार).

सेगफॉल्टराव
बाइटबाई, ऑफ-टी आमच्या हेडरात आहे, आजच काढतो. म्युटेक्सला एसटीडी म्युटेक्स, फाइल मॅपिंगच्या दोन वेगळ्या सीपीपी, कुठली घ्यायची ते सीमेक (बिल्डचं टूल) ठरवेल.

नल_पॉइंटर
आणि गेटमेसेजचं नाव बदला.