यहुदी, ख्रिश्चन, मुस्लिम एकत्र आणायचे तर सुरुवात कशी करावी?

आमच्या भायखळ्याच्या ग्रुपात तिन्ही समाजाचे लोक आहेत पण भेटलो की नुसती भाषणंच होतात, काय करावं?

उत्तर १: एकमेकांकडे जा हो. कोलकात्यातलं १८८४ चं मागेन डेव्हिड सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) बघितलं, देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कुटुंबं करतायत, माझ्या हातात टोपी दिली ती केअरटेकर चाचांनीच, आणि शेजारीच पोर्तुगीज चर्च! डोळे भरून आले.

उत्तर २: एकत्र जेवा. शुक्रवारी नमाज, शनिवारी शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस), रविवारी चर्च, म्हणून गुरुवारची संध्याकाळ धरा. कोळंबी नको, यहुद्यांना चालत नाही, रावस चालतो. गोडाला बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी यहुद्यांचा) मलिदा, पोहे-खोबऱ्याचा. दर्ग्यातही मलिदा असतोच, तिथूनच गप्पा सुरू होतील.

प्रश्नकर्ता: गुरुवार पक्का! रावस मी आणतो.