मदत हवी आहे: लिस्बनमध्ये टूरच्या आधी सकाळी पायी काय बघावं?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन लिस्बनला जातेय. दुपारी शहराच्या बेलें भागात गाइडेड टूर आहे, वास्को द गामाची कबर असलेला जेरोनिमोस मठ त्यातच येतो. आई म्हापशाची, त्यामुळे तिला हे सगळं बघायची फार ओढ आहे. सकाळ मात्र मोकळी आहे आणि ती मला चालतच घालवायची आहे. गाइड तारखा सांगेल, पण गल्ल्या आपल्या आपणच बघाव्यात असं मला वाटतं.

विचार असा: २८ नंबरच्या ट्रामने पोर्तास दो सोल या उंचावरच्या चौकापर्यंत वर जायचं, मग आल्फामा या जुन्या वस्तीतून उतरत, ११४७ नंतर बांधायला घेतलेलं से कॅथेड्रल बघून नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सिओ चौकात यायचं. तिथून १५ नंबरची ट्राम बेलेंला जाते. १७५५ च्या भूकंपातून आल्फामा बरंचसं वाचलं, म्हणून ते सोडवत नाही.

अडचण आईच्या गुडघ्यांची. पायऱ्या टाळून उताराच्या रस्त्याने हे जमतं का? तिथली पांढऱ्या दगडांची फरसबंदी पावसात फार निसरडी होते म्हणतात, मग बूट कसे घ्यावेत? वाटेत बसायला बाकं आहेत का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.