फुकटच्या मोबाईल आरपीजीचं परीक्षण: गुण खेळाला द्यायचे की हिशेबाला?

कन्ना_चौक (धाग्याचा मुद्दा)

मराठीत फुकट आरपीजींची (पात्रं वाढवत नेत खेळायच्या खेळांची) जी परीक्षणं येतात ती बहुतेक पहिल्या आठ-दहा तासांवर लिहिलेली असतात. ग्राफिक्स भारी, संगीत भारी, पैसे लागत नाहीत, दहापैकी नऊ. चादर घेताना आपण वरची घडी बघून पैसे देत नाही की. उलगडतो, उजेडात धरतो, काठ तपासतो. खेळालाही तेच लावा. माझं म्हणणं असं की किमान ३० दिवस रोज खेळल्याशिवाय आणि हिशेब मांडल्याशिवाय अशा खेळाला गुण देऊच नयेत.

उदाहरण गेनशिन इम्पॅक्टचं घेतो. २८ सप्टेंबर २०२० ला आलेला खेळ, इथे सगळ्यांच्या ओळखीचा. एका विशला, म्हणजे पात्र मिळवायच्या एका सोडतीला, १६० प्रिमोजेम (खेळातलं चलन). पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ पात्र लागायचा मूळ दर ०.६ टक्के. ९० व्या विशला मिळणारच, ती हमी आणि तिची मोजणी म्हणजे पिटी. ही हमी धरून सरासरी दर १.६ टक्के, म्हणजे साधारण ६२ विशमागे एक. पण ते बॅनरवरचंच (त्या सोडतीत जाहीर केलेलंच) असेल असं नाही. आधी निम्म्या वेळा हुकायचं, ऑगस्ट २०२४ च्या ५.० आवृत्तीपासून ५५ टक्के वेळा लागतं. हुकलं तर पुढचं पक्कं. म्हणजे वाईटात वाईट नशिबात १८० विश, २८,८०० प्रिमोजेम.

रोजच्या चार कमिशनचे (छोट्या कामांचे) मिळतात ६० प्रिमोजेम. नुसत्या त्यावर बसलात तर ४८० दिवस. आता वेल्किन मून हे महिन्याचं विकतचं पाकीट घ्या. विकत घेताक्षणी ३०० क्रिस्टल (एकाचा एक प्रिमोजेम होतो) आणि ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम, म्हणजे दिवसाला १००. त्यात कमिशनचे ६० मिळवा. बरोबर १६०, रोज एक विश. हा आकडा आपोआप जुळला असं मला वाटत नाही. महिन्याचं पाकीट हेच या खेळाचं खरं तिकीट आहे आणि परीक्षणात ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

माझे गुण ६.

सात_रस्ता

४८० दिवसांचा आकडा गणितात बरोबर आणि चित्र म्हणून चूक आहे, भाऊ. नुसत्या कमिशनवर कोण बसतं? प्रत्येक आवृत्ती ४२ दिवसांची. त्यात लाइव्हस्ट्रीमचे कोड ३०० प्रिमोजेम देतात, देखभालीची भरपाई येते, इव्हेंट येतात. स्पायरल अॅबिस, म्हणजे मजल्यामजल्यांचा लढायांचा मनोरा, महिन्याला ८०० पर्यंत देतो. खेळातल्या पायमनच्या दुकानात स्टारडस्टवर (विशसोबत मिळणाऱ्या चलनावर) दर महिन्याला ५ इंटरट्वाइन्ड फेट (एका फेटला एक विश) मिळतात, ते कित्येक जण घ्यायचेच विसरतात. शिवाय नवा प्रदेश उघडला की पेट्या, देवळं आणि क्वेस्ट यांतून मोठा साठा हाती येतो. आणि पिटी एका पात्र-बॅनरवरून पुढच्या पात्र-बॅनरवर तशीच चालते, वाया जात नाही.

मोठी गोष्ट वेगळी आहे. मुख्य कथेसाठी एकही पंचतारांकित पात्र लागत नाही. इनाझुमा २०२१ ला आला, सुमेरू २०२२, फोंतेन २०२३, नातलान २०२४, नोड-क्राय २०२५. हे सगळे प्रदेश पूर्ण फिरता येतात, शून्य रुपयात. तुम्ही गचावर (नशिबाच्या या सोडतीवर) तीन परिच्छेद लिहिलेत आणि फोंतेनच्या पाण्याखालच्या जगाबद्दल एक ओळ नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला जाऊन यायचं आणि नंदीध्वजांची मिरवणूक सोडून फक्त रिंग टाकायच्या स्टॉलचं वर्णन करायचं, असं झालं हे. माझे ८.

कन्ना_चौक

रिंगच्या स्टॉलवर बक्षीस समोर ठेवलेलं असतं आणि दहाची नोट आपल्या हातातून जाताना दिसते. इथे रुपयांचे जेनेसिस क्रिस्टल, क्रिस्टलचे प्रिमोजेम, प्रिमोजेमचे फेट, फेटमधून पात्र. मधल्या तीन थरांत पात्राची रुपयातली किंमत कुठेच लिहिलेली नसते. ती परीक्षणकर्त्याने काढून द्यायची. सगळ्यात मोठं पाकीट ६४८० क्रिस्टलचं, नेहमीचा बोनस धरून ८०८०, म्हणजे ५० विश. पिटी शून्यावर असेल, साठा काहीच नसेल आणि नशीब फिरलं तर एका पात्राला अशी चार पाकिटं. हे वाक्य मी काढणार नाही.

४८० दिवसांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. तिथे 'फक्त कमिशनवर' असं ठळक लिहितो आणि बाकीच्या वाटा खाली मांडतो.

विजापूर_वेस

दोघेही लढाईवर गप्प आहात. आरपीजीच्या परीक्षणात हातात काय खेळायला मिळतं हे सांगायचं नाही तर काय सांगायचं?

नव्या माणसाला तीन नावं द्या: शियांगलिंग, शिंगच्यू, बेनेट. तिघंही चारतारांकित. शियांगलिंग फुकट आहे: अॅडव्हेंचर रँक (खेळाडूची पातळी) २० ला अॅबिस उघडतो, तिसऱ्या मजल्याचा तिसरा कक्ष पार केला की मिळते. बाकी दोघं विशमधून किंवा स्टारग्लिटरच्या (विशसोबत मिळणाऱ्या आणखी एका चलनाच्या) दुकानात फेरीने येतात.

क्रम असा. आधी शिंगच्यूचा बर्स्ट (ऊर्जा भरली की सुटणारा मोठा हल्ला) आणि स्किल (छोटा खास हल्ला), म्हणजे शत्रू ओला होतो. मग बेनेटचा बर्स्ट, जमिनीवर वर्तुळ पडतं. त्याच वर्तुळात उभं राहून शियांगलिंगचा बर्स्ट. वर्तुळाने वाढलेला अटॅक तिचा आगीचा भोवरा सुटण्याच्या क्षणी पकडून ठेवतो. नंतर वर्तुळाबाहेर गेलात तरी तो उतरत नाही. ओल्या शत्रूवर आग लागली की व्हेपोराइज, दीडपट नुकसान. आता परत शिंगच्यूवर या आणि साधे वार मारत राहा, त्याच्या पावसाच्या तलवारी त्या वारांसोबत पडतात.

चुकतं कुठे? नवखा माणूस शियांगलिंगला सगळा अटॅक देतो आणि दुसऱ्या फेरीला तिचा बर्स्ट भरलेलाच नसतो. तो ८० ऊर्जेचा आहे. एनर्जी रिचार्ज (ऊर्जा भरायचा वेग) २०० टक्क्यांच्या आसपास न्या. आणि बेनेटचा स्किल मारल्यावर ऊर्जेचे कण हवेत असतानाच शियांगलिंगवर बदला. मैदानात असलेल्या पात्राला आपल्याच तत्त्वाच्या कणातून ३ ऊर्जा मिळते, मागे उभ्या असलेल्याला त्याच्या ६० टक्केच. हा एक बदल अर्ध्या सेकंदाचा आहे आणि तो जमला की पूर्ण संघ चालू लागतो. टचस्क्रीनवर उजवीकडच्या चित्रांवर अंगठा नीट बसायला दोन-तीन दिवस लागतात, एवढंच.

इतकी खोली चारतारांकित पात्रांत आहे. लढाईला ९.

कन्ना_चौक

लढाईबद्दल वाद नाही, वेस. पण ती खोली गाठायला आर्टिफॅक्ट (पात्राला चढवायचे पाच तुकडे) लागतात, तो दुसरा गचा. रेझिन, म्हणजे बक्षीस उचलायला खर्चायची शक्ती, ८ मिनिटांना एक भरतं, दिवसाचं १८०. डोमेनची (आर्टिफॅक्ट देणाऱ्या लढाईची) एक फेरी २० ची, म्हणजे दिवसाला ९ फेऱ्या. एका डोमेनमधून दोन संच पडतात: हव्या संचाची शक्यता निम्मी. पाच जागांपैकी गॉब्लेट (पेला) हवा: एक पंचमांश. त्यावर पायरोचंच (आगीचंच) नुकसान हवं: खेळाडूंनी जमवलेल्या नोंदींप्रमाणे सुमारे ५ टक्के. गुणाकार केला तर २०० मागे एक. दिवसाला नऊ-दहा मिळतात धरलं तरी तीन आठवडे, तेही सबस्टॅट (तुकड्यावरचे दुय्यम गुण) न बघता. मग +२० पर्यंत चढवताना दर चार पातळ्यांना जी वाढ मिळते ती कशावर जाईल ते पुन्हा नशीब.

विजापूर_वेस

इथे तुमची चूक आहे, आणि ती वाचणाऱ्याचे तीन आठवडे खाईल. चार तुकड्यांचा संच लागतो, पाचवा तुकडा कुठलाही चालतो. जाणकार माणूस गॉब्लेटच संचाबाहेरचा घेतो, कारण तोच सगळ्यात दुर्मीळ. म्हणजे निम्म्याची अट गेली, १०० मागे एक, आणि तोही कुठल्याही डोमेनमधला. नको असलेले तीन देऊन एक घ्यायची सोय आहे, ५.० पासून हवा तो मेन स्टॅट (मुख्य गुण) निवडून आर्टिफॅक्ट बनवायचं एलिक्झिरही आहे.

परीक्षणात लिहायचं तर असं लिहा: अॅडव्हेंचर रँक ४५ च्या आत आर्टिफॅक्टवर रेझिन घालू नका. त्याआधी पंचतारांकित तुकड्याची हमी नाही. तोवर रेझिन टॅलेंट (पात्राची कौशल्यं) आणि पातळीच्या साहित्यावर.

कन्ना_चौक

मान्य. गॉब्लेटचा आकडा बदलतो. रँक ४५ ची ओळही घेतो.

जुळे_सोलापूर

अण्णा लोक, फोन कुणी धरलाच नाही. मोबाईलच्या खेळाचं परीक्षण आणि तापण्यावर शब्द नाही? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४० च्या वर पारा जातो. खोलीच तापलेली असते तेव्हा फोनला उष्णता टाकायला जागा राहत नाही. चिप स्वतःहून वेग कमी करते आणि सेकंदाला ६० फ्रेमचा खेळ ३० च्या खाली घसरतो. लोक म्हणतात नेट स्लो आहे. नेट नसतं ते.

चाचणी अशी घ्या. कव्हर काढा, चार्जर काढा, ब्राइटनेस निम्मा. एकाच ठिकाणी, लियुए बंदर किंवा सुमेरू शहरात, तोच रस्ता सलग ३० मिनिटं पळा. पहिली पाच मिनिटं मोजून उपयोग नाही, तेव्हा कुठलाही फोन चांगलाच चालतो. विसाव्या मिनिटानंतरचा आकडा लिहा. आणि तीच चाचणी सकाळी सातला आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा.

घसरत असेल तर आधी रेंडर रेझोल्यूशन एक पायरी खाली, मग सावल्या लो, मग ब्लूम आणि मोशन ब्लर बंद. तरी जमेना तर ३० फ्रेमवर बांधून टाका. सारखं वर-खाली होणाऱ्या ६० पेक्षा स्थिर ३० वर बर्स्टची वेळ नीट साधते. फोन चार्जिंगला लावून खेळू नका, बॅटरीची आणि चिपची उष्णता एकत्र होते. फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नका, आत दव धरतं.

जागा: सगळं उतरवलं की वीस जीबीच्या कितीतरी पुढे जातो, आणि दर ४२ दिवसांनी नवा मोठा अपडेट. घरी वायफाय नसेल तर रोजचा मोबाईल डेटा एका अपडेटला पुरत नाही. ६४ जीबीच्या फोनवाल्याला 'फुकट आहे, घे' असं सांगणं चुकीचं आहे.

सात_रस्ता

हे मात्र माझ्या ८ मधून कापायला हवं होतं, खरं आहे. एक भर घालतो: सर्व्हर. आशिया सर्व्हरचा दिवस आपल्या रात्री दीडला बदलतो, युरोपचा सकाळी साडेआठला, अमेरिकेचा दुपारी अडीचला. एका सर्व्हरवरची प्रगती दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. मित्र ज्या सर्व्हरवर आहेत तोच घ्या, नाहीतर को-ऑप (एकत्र खेळणं) विसरा.

होटगी_रोड

गुणांचा वाद चालू दे, पण घरातल्या फोनवर चौदा-पंधरा वर्षांचं पोर खेळतंय त्याचं काय? परीक्षण आईवडीलही वाचतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच खेळाच्या कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यात १६ च्या आतल्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स (गचासारख्या नशिबाच्या पेट्या) विकायला मनाई आली. तक्रारीत एक मुद्दा कन्ना_चौक यांनी सांगितला तोच होता: चलनाचे थर खरी किंमत झाकतात. आपला २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. गचात पैसे परत येतच नाहीत, तेव्हा त्या कायद्यावर विसंबून राहू नका.

करायचं काय ते सांगते. प्ले स्टोअर, वरचं प्रोफाइल चित्र, सेटिंग्ज, तिथे खरेदी पडताळणी 'प्रत्येक वेळी' वर ठेवा. मुलाचं खातं गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये घेऊन सगळ्या खरेदीला मंजुरी लावा. प्ले स्टोअरमधलं मासिक बजेट फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही. बरेच पालक तिथेच फसतात. आणि दुसरी वाट: खेळाच्या अधिकृत वेबसाइटवरूनही टॉप-अप होतो. तिथे प्ले स्टोअरचं कुलूप लागत नाही. म्हणून यूपीआयचा पिन आणि कार्ड मुलाच्या हातात नको, ब्राउझरमध्ये कार्ड सेव्ह नको.

सात_रस्ता

ताई, पूर्ण पटलं. पण हे गुणांत कसं मोजणार? पालकांसाठी वेगळी चौकट करा. खेळाचा कमीपणा म्हणून लावू नका.

होटगी_रोड

कमीपणाच आहे, सर. ज्या खेळात तलवार कशी फिरवायची ते इतक्या बारकाईने शिकवतात, तिथे खर्चाची मर्यादा स्वतःवर घालायची सोपी सोय पुढे ठेवायला काय अडचण आहे? तसं केलेलं नाही, तर गुण कापले पाहिजेत.

विजापूर_वेस

तुलना द्यायची तर वदरिंग वेव्हजची द्या. मे २०२४ चा खेळ, विशची किंमत तीच १६०, पण पिटी ८०, मूळ दर ०.८ टक्के, आणि बॅनरवरचं शस्त्र हुकत नाही. गेनशिनच्या शस्त्र-बॅनरवर ते अजूनही एकदा हुकू शकतं. नव्याने सुरू करणाऱ्याला एक वाक्य पुरेल: शस्त्राच्या बॅनरला हात लावू नका, पात्रं घ्या.

आणि भाषा राहिली. खेळाचा मजकूर पंधरा भाषांत आहे, त्यात मराठी नाही, हिंदीही नाही. कथेचे संवाद तासन् तास चालतात आणि बहुतेक ठिकाणी वगळता येत नाहीत. इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेल्याला तुमचं 'फुकट जग' निम्मंच मिळतं, सात_रस्ता.

कन्ना_चौक

मसुदा बदलतोय. एकच आकडा देत नाही. लढाई ९, जग ९, फोनवरचं चालणं ६, खर्चाची रचना ४, आणि प्रत्येकाखाली त्याचं कारण. फोनचे गुण जुळे_सोलापूर यांच्या चाचणीने, दुपारी तीनचे. सरासरी काढणार नाही, कारण पंधरा वर्षांच्या पोराला आणि नोकरी करणाऱ्या माणसाला या चारांतला वेगळा आकडा महत्त्वाचा.

सात_रस्ता

चाराला माझा विरोध कायम. हमी ९० वर, पिटी पुढे चालते, दर खेळातच छापलेले. मी ६ देईन, आणि माझं नाव घालून तसं लिहा.