बाकावरचे मानकरी: तुमच्या क्लबचा विस्मरणात गेलेला खेळाडू कोणता?

परवा मॅच चालू असताना मित्राने मध्येच विचारलं, "काय रे, आपला मॅकेडा सध्या काय करतो?" झालं. पुढचा अर्धा तास समोरच्या मॅचकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. एकाला मॅकेडा आठवला, दुसऱ्याला बेबे, तिसऱ्याने तैबी गोलकीपरचं नाव काढलं आणि तिघेही कपाळाला हात लावून हसत सुटलो. दिग्गजांबद्दल बोलताना अशी मजा येत नाही. त्यांचे पुतळे झालेत, पुतळ्यांशी काय गप्पा मारणार?

म्हणून हा धागा. ज्याचं नाव काढल्यावर समोरचा आधी "कोण?" आणि मग "अरे हो, तो!" म्हणेल, असा तुमच्या क्लबचा खेळाडू सांगा. आकडे नसले तरी चालतील. तुम्ही काय बघितलंत ते लिहा. अट एकच: अली दिया नको. नामवंत स्ट्रायकर जॉर्ज वेआ असल्याची थाप मारून कोणीतरी याची शिफारस करणारा फोन करतो, साउदॅम्प्टन याला १९९६ मध्ये लीड्सविरुद्ध उतरवतं, आणि बदली म्हणून आलेल्यालाच परत बदलावं लागतं. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की तो आता त्या टीममधल्या निम्म्या लोकांपेक्षा प्रसिद्ध आहे.

मीच सुरुवात करतो. मँचेस्टर युनायटेड, ५ एप्रिल २००९. आदल्या दिवशी लिव्हरपूलने इंज्युरी टाइममध्ये फुलहॅमला हरवून पहिला नंबर घेतलेला. आम्ही घरच्या मैदानावर अ‍ॅस्टन व्हिलाशी १-२ ने मागे. रोनाल्डोने बरोबरी केली. मग ९३व्या मिनिटाला, सीनियर टीमकडून पहिलीच मॅच खेळणारं १७ वर्षांचं एक पोरगं, हाच तो मॅकेडा, गोलकडे पाठ करून उभं असलेलं दिसलं. गिग्जचा पास आला, याने टाच लावून चेंडू वळवला, डिफेंडर भलतीकडेच, आणि पुढच्या क्षणी चेंडू लांबच्या कोपऱ्यात. हॉस्टेलमध्ये आम्ही एवढे ओरडलो की शेजारच्या खोलीतले लिव्हरपूलवाले भांडायला आले. पुढच्याच आठवड्यात सुंदरलँडविरुद्ध तो बदली म्हणून आला आणि मिनिटभरात पुन्हा विजयी गोल. आम्ही ती लीग ४ गुणांनी जिंकली. दोन बरोबऱ्यांचे दोन विजय झाले, म्हणजे किती गुण होतात ते मोजा. त्यानंतर मात्र सँपडोरिया, क्यूपीआर, श्टुटगार्ट, डॉनकास्टर, बर्मिंगहॅम. पोरगा नुसता लोनवर, म्हणजे या ना त्या क्लबला उसना, हिंडत राहिला.

*

चेल्सी. हिलारियो. गोलकीपर.

१४ ऑक्टोबर २००६, रीडिंगच्या मैदानावर मॅच. चहाचा कप हातात घेऊन बसेपर्यंत पेटर चेक खाली पडलेला. स्टीफन हंटचा गुडघा डोक्याला लागला होता. तेव्हा वाटलं, उठेल. नंतर कळलं, कवटीला फ्रॅक्चर. त्याच्या जागी कुडिचिनी आला आणि शेवटी शेवटी तोही टक्कर होऊन बेशुद्ध, स्ट्रेचरवरून बाहेर. उरलेली मिनिटं जॉन टेरी गोलकीपरची जर्सी चढवून उभा. एका मॅचमध्ये दोन गोली गेले. आणि चारच दिवसांनी बार्सिलोना! युरोपचे चालू विजेते. रोनाल्डिन्यो, मेस्सी, वर आमचाच गुडयॉनसन त्यांच्याकडे गेलेला.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्याकडे तिसराही एक गोली आहे. पोर्तुगालहून आलेला, तिशी गाठलेला, आमच्याकडून तोवर एकही मॅच न खेळलेला. त्याचा फोटो शोधायला सुद्धा आम्हाला वेळ लागला.

त्या रात्री मी मॅच बघितलीच नाही, मी हिलारियोचे हातमोजे बघितले. चेंडू त्यांच्या अर्ध्यात असला तरी माझं लक्ष याच्यावर. पहिले दोन चेंडू छातीशी धरले तेव्हा कुठे श्वास सुटला. पुढे द्रोग्बाने वळून गोल मारला, १-०, आणि तो आकडा शेवटपर्यंत टिकला. द्रोग्बाचा गोल सगळ्यांना आठवतो, हे ओघाने आलंच. मला शिट्टी वाजल्यावरचा हिलारियो आठवतो. फार नाचला-बिचला नाही. हातमोजे काढले आणि चालू लागला.

जानेवारीत चेक डोक्याला हेल्मेट लावून परतला आणि हिलारियो पुन्हा बाकावर. २०१४ पर्यंत क्लबमध्येच होता, नंतर आमच्याच गोलकीपरांचा कोच झाला. तिसरा गोली ही खरंतर स्वतंत्र जमात आहे, तिच्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

*

वरचं वाचून राहवलं नाही. लिव्हरपूलवाला आहे (शेजारच्या खोलीतला नव्हे). आमचा जिमी त्राओरे. त्याच्याइतक्या शिव्या मी आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

जानेवारी २००५, एफए कप, बर्नली. गोलसमोर चेंडू आला. साधा लाथाडायचा ना! नाही. साहेबांनी झिदान होऊन तळव्याने मागे ओढायचा प्रयत्न केला आणि सावकाश, अगदी आरामात, स्वतःच्याच जाळ्यात घातला. हरलो १-०. मी टीव्ही बंद करून अंधारात बसून राहिलो.

त्याच वर्षी मे महिन्यात इस्तंबूल, मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल. पहिल्याच मिनिटात याने काकाला पाडलं, त्या फ्री किकवर मालदिनीचा गोल. हाफटाइमला ०-३. त्याला काढायचंही ठरलं होतं, पण फिनन जखमी निघाला म्हणून हा राहिला. पुढचं जगाला माहीत आहे: जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो, ३-३. पण त्यानंतर शेवचेंकोचा एक फटका गोलीला चुकवून सुटला होता, तो गोलरेषेवरून बाहेर कोणी काढला? जिमी त्राओरेने! तो आत गेला असता तर पेनल्टीची वेळच आली नसती. ज्याला चार महिने शिव्या घातल्या त्याच्याकडे चॅम्पियन्स लीगचं पदक आहे. भल्याभल्यांकडे नाही.

*

रेआल माद्रिद. जोनाथन वुडगेट. २००४ मध्ये आला तोच दुखापत घेऊन. आज खेळेल, उद्या खेळेल करत वर्ष सरलं. सप्टेंबर २००५ मध्ये अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध एकदाचा उतरला. आधी स्वगोल, मग लाल कार्ड. मॅच आम्हीच ३-१ जिंकलो, त्यामुळे हसता तरी आलं.

*

मी स्वतः फार फुटबॉल बघत नाही, पण दादामुळे कानावर पडून पडून आर्सेनलची झाले. २०११ मध्ये त्याने मोठ्या हौसेने जर्सीवर नाव छापून घेतलं: पार्क चू-यंग, नंबर ९. मोनॅकोहून आलेला, कोरियाचा कप्तान. "बघ, हा पुढचा मोठा माणूस," असं मला चार वेळा ऐकवलं होतं. त्याचे मित्र व्हॅन पर्सीची जर्सी घालून यायचे आणि हा पार्कची.

पार्क काही खेळेना. लीग कपमध्ये बोल्टनविरुद्ध त्याने एक गोल केला, डावीकडून आत येत उजव्या पायाने वळवलेला. तेवढा एकच. दादाने ती क्लिप मला किती वेळा दाखवली असेल! घरात कोणीही आलं की "थांबा, एक गोल दाखवतो." पुढच्या सीझनला नंबर ९ पोडोल्स्कीला मिळाला आणि जर्सीवरचं सगळंच चुकीचं झालं.

पण २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझसाठी कोरिया विरुद्ध जपान मॅच होती. दादाने मला उठवून बसवलं. जिंकले तर अख्ख्या टीमला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळणार होती, म्हणजे पदकापेक्षा मोठं काही. पार्कला मध्यरेषेजवळ चेंडू मिळाला, तीन-चार जण अंगावर होते, सगळ्यांना चुकवून एकट्याने गोल केला. दादा एक शब्द बोलला नाही. कपाट उघडून ती जर्सी काढली, घातली आणि उरलेली मॅच तशीच बघितली. ती अजून त्याच्याकडे आहे. "पार्क" मधलं शेवटचं अक्षर निम्मं निघालंय.

*

विषय थोडा सोडून. माझा क्लब कुठलाच नव्हता, चॅम्पियनशिप मॅनेजर नावाचा कॉम्प्युटर गेम होता. २००१-०२ ची आवृत्ती ज्यांनी खेळलीय त्यांना दोन नावं पुरतील: "तो मादेइरा" ("तो" हे नावच आहे) आणि माक्सिम सिगाल्को. पहिला अस्तित्वातच नव्हता, कोणीतरी गेमच्या माहितीत घुसवलेला काल्पनिक पोर्तुगीज स्ट्रायकर. तरी त्याने माझ्या टीमसाठी पोत्याने गोल केले.

सिगाल्को मात्र खरा होता, बेलारूसचा, दिनामो मिन्स्कचा. गेममध्ये त्याला अडवणारा डिफेंडर जन्मला नव्हता. प्रत्यक्षात दुखापतींनी त्याला २६व्या वर्षीच खेळ सोडावा लागला, आणि डिसेंबर २०२० मध्ये तो गेला. वय ३७. मी त्याला खेळताना एकदाही पाहिलेलं नाही, फक्त पडद्यावर त्याचं नाव आणि पुढे गोल झाल्याची ओळ. तरी बातमी वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

*

मँचेस्टर सिटी, पैसा येण्याआधीची. मे २००५, शेवटची मॅच, मिडल्सब्रोविरुद्ध १-१. जिंकलो तर पुढच्या वर्षी युएफा कपमध्ये जागा. बाकावर जॉन मॅकन नावाचा धडधाकट स्ट्रायकर बसलेला. आणि मॅनेजर पिअर्सने काय करावं? दुसरा गोली आत आणला आणि डेव्हिड जेम्सला, ६ फूट ४ इंचाच्या गोलकीपरला, स्ट्रायकर म्हणून पुढे पाठवला! तरी पेनल्टी मिळाली, ती फाउलरने घालवली. सगळे जेम्सवर हसतात. मी मॅकनचा विचार करतो. त्या पाच मिनिटांत बाकावर बसून त्याने नेमकं कुठे बघितलं असेल?

*

इंटर. व्रातिस्लाव्ह ग्रेश्को. ५ मे २००२. लाझिओ. दोनदा पुढे जाऊन ४-२ हरलो आणि लीग युव्हेंटसकडे. गंमत म्हणजे लाझिओचे स्वतःचे फॅन त्या दिवशी आमच्या बाजूने होते. ग्रेश्कोने गोलीकडे डोक्याने मागे दिलेला तो चेंडू अर्ध्यातच लाझिओच्या पोबोर्स्कीने उचलला. या धाग्यात विसरलेले खेळाडू मागितलेत. याला मी विसरलेलो नाही, २० वर्षांहून जास्त प्रयत्न चालू आहे.

*

धागाकर्ता पुन्हा. कोणी बेबेबद्दल लिहील म्हणून थांबलो होतो, आता मीच लिहितो. २०१० मध्ये आमचा मॅनेजर फर्ग्युसनने त्याला एकदाही खेळताना न बघता घेतला होता. जेमतेम ७ मॅच. तो क्रॉस मारायचा तो गोलपोस्टच्या मागच्या प्रेक्षकांना जायचा, आणि माझा तोच मित्र (मॅकेडावाला) उशी फेकून मारायचा टीव्हीला. अनाथाश्रमासारख्या संस्थेत वाढलेला मुलगा होता हे आम्हाला नंतर कळलं. तोवर हसून झालं होतं.

जानेवारी २०२४, आफ्रिकन कप, केप व्हर्द विरुद्ध मोझांबिक. सहज लावली होती. फ्री किक इतक्या लांबून की पास देणार असंच वाटलं. ३३ वर्षांचा बेबे धावत आला आणि सरळ गोलमध्ये मारला. मी लगेच मित्राला फक्त क्लिप पाठवली, नाव न लिहिता. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं: "हा आपला बेबे ना?"