वन रूम किचन आणि वॉशिंग मशीन: तुम्ही कुठे मावलंत?

कुरडई:
भाचीने डोंबिवलीत वन रूम किचन घेतलंय. काल फोनवर विचारत होती, मावशी, मशीन कुठलं घेऊ? मला एकदम आमची लालबागची खोली आठवली. दहा बाय बारा, कोपऱ्यात मोरी. आईने भिशीच्या पैशांतून सेमी ऑटोमॅटिक आणलं, ते मोरीत मावेना, मग कॉटशेजारीच राहिलं. पाणी पहाटे तासभर. बादलीने टब भरायचा, मळकं पाणी नळीने मोरीत सोडायचं. दहावीचा अख्खा अभ्यास मी त्या ड्रायरच्या झाकणावर केलाय. तुम्ही कसं जमवलंत, लिहा.

उन्हातली_चटई:
अजून सेमीच आहे. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. फुल्ली ऑटोमॅटिकला सांगून बघा हे 😄

पावशेर:
आधी दार मोजा. मशीन नाही, दार!! ६० सेंमीचं मशीन चौकटीतून जात होतं, पण उघडलेलं दारच मध्ये येत होतं. बिजागऱ्या काढून आत घातलं. आता मेकॅनिकच्या आधी सुताराला फोन.

निवांत_नाही:
टॉप लोडवाल्यांनो, वर बघा. आमच्या मशीनवर गिझर आहे. झाकण अर्धंच उघडतं, तळाचे मोजे चाचपून काढावे लागतात.

चिंचगूळ:
फ्रंट लोड ओट्याखाली घालायचं ठरलं. मशीन ८५ सेंमी, कडप्प्याखाली जागा ८२. तीन सेंमीसाठी सासूबाई अजून ऐकवतात.
पण खरी मजा पहिल्या दिवशी. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले ट्रान्झिट बोल्ट काढायचे असतात हे कुणाला माहीत! स्पिनला मशीन नाचत नाचत बाथरूमच्या दाराशी, आणि आत नवरा, अंगाला साबण. स्पिन संपेपर्यंत तो आत ओरडतोय, मी बाहेर हसतेय.

निवांत_नाही:
@चिंचगूळ बिचारा 😂

टेम्सकाठ:
लंडनमध्ये मशीन किचनमध्येच असतं. आमचं वॉशर-ड्रायर. धुतं ८ किलो, सुकवतं ५, म्हणजे मध्येच थांबवून निम्मे कपडे बाहेर काढायचे. ते रेडिएटरवर. पहिल्यांदा कळलं नाही, टॉवेल वाफाळत बाहेर आले, ओलेच. पण जागा एकाच मशीनची जाते, आणि थंडीत पर्याय काय?

उन्हातली_चटई:
इथे जुलैत तीच गत. आणि सेमीचा ड्रायर फक्त पिळतो हो, सुकवत नाही. भाचीला छताला पुलीवाल्या दांड्या आधी लावायला सांगा, मशीन नंतर.

पावशेर:
पाणी दिवसभर असतं का तिच्याकडे? नळ मध्येच गेला तर फुल्ली एरर दाखवत बसते. आमची मी कामावरून आल्यावरही तशीच, कपडे साबणात.

साजूक:
विषयांतर, पण कुरडईताई, गहू किती दिवस भिजवता? माझ्या कुरडया यंदा तुटल्या.

कुरडई:
@साजूक तीन दिवस, पाणी रोज बदल. चीक नीट शिजला नाही तर तुटतात.
@पावशेर पाणी सकाळ-संध्याकाळ. दार मोजायला लावलं तिला आत्ता. ५८.

पावशेर:
सुतार आहे ओळखीचा.