ऐंशीच्या दशकात रॉक आणि पॉप खरंच घसरलं का?

सहा_तारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, गिटार वाजवतो. घरात काकांच्या एलपींचं एक अख्खं कपाट आहे आणि तो संग्रह १९७९ ला थांबतो. पुढचं त्यांनी घेतलंच नाही. "त्यानंतर सगळा प्लास्टिकचा कारभार," असं त्यांचं ठाम मत.

त्यांचा पहिला पुरावा क्वीन. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, त्यामुळे आमच्याकडे क्वीनला घरच्या माणसाचा मान. सत्तरच्या दशकात त्यांच्या अल्बमांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असं अभिमानानं छापलेलं असायचं. १९८० च्या 'द गेम'मध्ये हा सिंथ (विजेवर कृत्रिम आवाज घडवणारं वाद्य) आला, दोन वर्षांनी नाचाच्या तालांचा 'हॉट स्पेस'. दुसरा पुरावा जेफरसन एअरप्लेन. १९६७ मध्ये 'सर्रिअलिस्टिक पिलो' करणारा सॅन फ्रान्सिस्कोचा बँड नावं बदलत बदलत 'स्टारशिप' झाला आणि १९८५ मध्ये 'वुई बिल्ट धिस सिटी' घेऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. दोन्हीकडे गायिका तीच, ग्रेस स्लिक. पाठोपाठ ऐकलं की काकांशी वाद घालणं कठीण होतं.

पण मला द स्मिथ्स आवडतात, आर.ई.एम. आवडतात, आणि गिटार हातात घेतली ती मेटॅलिकामुळे. जाणकारांनी सांगावं, घसरण झाली का? झाली असेल तर नक्की कशाची?

जुना_बास

काकांना माझा नमस्कार सांगा. घसरण झाली, आणि सुरुवातही सांगता येते. १९८० च्या फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला, सप्टेंबरात लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम, डिसेंबरात बीटल्सचा लेनन. बॉनमशिवाय वाजवायचं नाही म्हणून झेपलिननं दुकान बंद केलं. १ ऑगस्ट १९८१ ला गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारा एमटीव्ही सुरू झाला आणि बँड निवडताना कंपन्या आधी चेहरा बघायला लागल्या. मी चाळीस वर्षं बास वाजवतोय. त्या काळातली कितीतरी हिट गाणी वाजवताना माझ्या हाताला काम नसायचं, सगळं कीबोर्डच्या डाव्या हातात.

रिमशॉट

सहा_तारा, तुमच्या काकांचे कान चांगले आहेत. त्यांना जे खटकतं ते खटकण्यासारखंच आहे. पण त्यासाठी अख्खं दशक टाकून द्यायला माझी तयारी नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर लिहितो.

मी ड्रमर. मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवलं, स्टुडिओत वाजवलं. १९८० च्या मार्चमध्ये रंगभवनात 'द पोलिस' वाजवायला आले होते तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यांचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंडचं हाय-हॅट (पायानं मिटणारी सिंबलची जोडी) त्या रात्री ऐकलं आणि पुढे काय करायचं ते ठरलं. त्यामुळे ऐंशीच्या दशकाकडे मी स्नेअरच्या, म्हणजे ड्रम्समधल्या कडक आवाजाच्या ढोलाच्या, बाजूनं बघतो.

त्याच सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. ड्रम्सवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम. गॅब्रिएलची अट अशी, की सिंबल वाजवायचे नाहीत. वादकाचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून स्टुडिओत एक टॉकबॅक माइक असतो. त्यावर जबर कॉम्प्रेशन असतं, म्हणजे लहान आवाज फुगतात आणि मोठे दबतात. त्या माइकमधून ड्रम्स ऐकू आले ते भिंती हलवणारे. पॅजमनं त्याला नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं उपकरण) जोडला, म्हणजे घुमारा फुगतो आणि विरत न जाता एकदम तुटतो. 'इन्ट्रूडर' हेडफोनवर ऐका. गाणं दुसऱ्याच्या घरात चोरपावलांनी शिरणाऱ्या माणसाचं आहे, आणि तो तुटणारा घुमारा अंगावर येतो. दुर्दैव हे, की चार-पाच वर्षांत तोच आवाज प्रत्येक प्रेमगीताला लागला. अर्थाशी काही नातं उरलं नाही. काकांना खुपतंय ते बहुतेक हेच.

तीच गोष्ट यामाहाच्या डीएक्स७ या सिंथची. १९८३ ला आला, लाखाहून जास्त विकला गेला. आतली एफएम (एका लहरीनं दुसरीला हलवून आवाज घडवायची) पद्धत फार ताकदीची, पण स्वतःचा आवाज घडवणं इतकं किचकट की बहुतेकांनी कंपनीनं भरून दिलेलेच आवाज वापरले. म्हणून त्या काळातल्या इतक्या संथ गाण्यांत तोच काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो. संगीतकार-निर्माता ब्रायन ईनो मात्र त्याच वाद्याच्या आत शिरला आणि स्वतःचे आवाज काढत बसला.

माझं म्हणणं एवढंच आहे: घसरले ते उसना आवाज अंगावर चढवणारे. त्यात सत्तरचे मोठे लोक जास्त होते. बॉब डिलनचा १९८५ चा 'एम्पायर बर्लेस्क' ऐका. गाणी त्याची, साज नाचाच्या क्लबातला. चार वर्षांनी निर्माता डॅनियल लान्वाबरोबर 'ओ मर्सी' केला तेव्हा तो माणूस पुन्हा सापडला. बॉनमच्या जाण्यानं मलाही अजून वाईट वाटतं, पण जुना_बास, बॉन स्कॉट गेल्यावर त्याच वर्षी जुलैत एसी/डीसीनं 'बॅक इन ब्लॅक' काढला. माणसं गेली, संगीत थांबलं नाही.

आता प्रिन्सकडे या. लिन एलएम-१ हे १९८० चं ड्रम मशीन, खऱ्या ड्रम्सचे मुद्रित आवाज असलेलं. मेमरी महाग होती म्हणून त्यात क्रॅश आणि राइड सिंबलच नव्हते. आम्हा ड्रमर लोकांना त्याचा रागच होता. पण प्रिन्सनं त्यातल्या आवाजांचे सूर इतके खाली-वर केले की ते ड्रम्स राहिलेच नाहीत, वेगळंच वाद्य झालं. १९८४ चं 'व्हेन डव्ह्ज क्राय' ऐका. त्यात बास नाही. होता, त्यानं काढून टाकला. जुना_बास रागावतील, पण बास नसल्यानं जी पोकळी आहे तीच त्या गाण्याचं दुःख आहे. केट बुशनं घरच्या कोठारात स्टुडिओ बांधून, फेअरलाइट या मुद्रित आवाज वाजवणाऱ्या संगणकी वाद्यावर 'हाउंड्स ऑफ लव्ह' (१९८५) केला. त्यातलं एक गाणं २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

नील यंगबद्दल मात्र मला पोटतिडकीनं लिहायचंय. 'ट्रान्स' या अल्बमला सगळे त्याची घसरण म्हणतात. व्होकोडरमधून (आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून) गायलेला तो आवाज, बोलू न शकणाऱ्या स्वतःच्या मुलाशी संवाद साधायची धडपड होती, असं त्यानं स्वतः सांगितलंय. १९८३ ला त्याच्याच गेफेन या रेकॉर्ड कंपनीनं 'हे नील यंगसारखं नाही' म्हणून त्याच्यावर दावा लावला. हे कळल्यावर तो अल्बम पुन्हा ऐकला आणि मला तो सत्तरच्या त्याच्या कामाइतकाच खरा वाटला.

आणि आर.ई.एम. 'मर्मर'आधी (१९८३) त्यांना एक निर्माता दिला होता. त्यानं एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं, ड्रमर बिल बेरीला रडकुंडीला आणलं, वर सिंथ चढवला. पोरांनी तो माणूसच नाकारला आणि शार्लटला जाऊन आपल्या पद्धतीनं अल्बम केला. हेही त्याच दशकातलं.

एडिसनवरून

रिमशॉट काका, सुंदर लिहिलंत. मी न्यू जर्सीत राहते, म्हणून एक भर. इथून जवळच कोल्ट्स नेकला स्प्रिंगस्टीननं १९८२ च्या जानेवारीत घरी बसून, टॅस्कॅमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी भरली. नंतर बँडबरोबर वाजवून पाहिली, पण ती जमेनात, म्हणून कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. सर्वांत महागड्या स्टुडिओंच्या त्या काळात!

आणि सगळे हिप-हॉप का विसरताय? रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन खऱ्या ड्रम्ससारखं वाजत नाही म्हणून फारसं खपलं नाही, १९८३ ला बंदही झालं. जुनी यंत्रं स्वस्तात मिळायला लागली आणि त्यांचा खालचा 'बूम' पुढे सगळ्या पॉपचा पाया झाला. एरोस्मिथलासुद्धा १९८६ मध्ये पुन्हा वर काढलं ते रन-डीएमसी या हिप-हॉप गटानं, त्यांच्याच जुन्या गाण्यावर. पब्लिक एनिमीचा १९८८ चा अल्बम मी अजून उभ्यानं ऐकते.

जुना_बास

प्रिन्सचा मुद्दा मान्य. एमटीव्हीचा मी सोडणार नाही.

सहा_तारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता प्रश्न एकच, काकांना पहिल्यांदा काय ऐकवू? संधी एकदाच मिळेल.

रिमशॉट

सिंथवाल्या कशानंही सुरुवात नको. 'नेब्रास्का' लावा, पूर्ण पहिली बाजू. त्यांना त्यात खोट काढता येणार नाही. मग टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट', निर्माता पुन्हा ईनो. १९८० चा आहे, म्हणजे त्यांच्या कपाटातल्या शेवटच्या एलपीला लागूनच. तोवर थांबले असतील तर 'इन्ट्रूडर', आवाज मोठा करून. केट बुश दुसऱ्या दिवशी.