मदत हवी आहे: बडोद्यात पहिली खाऱ्या पाण्याची टाकी, खारटपणा चढतच चाललाय

दांडियाबाजारकर:
टाकी ३ × १.५ × १.५ फूट. दगड-वाळूची जागा वजा करता पाणी साधारण १५० लिटर. १४ किलो कोरडा रॉक (सच्छिद्र दगड), एक स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाणी फिरवणारे पंप). मासा एकही सोडलेला नाही. आज २४वा दिवस. पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) अमोनिया ०.२५, नायट्राइट २, नायट्रेट ८०; दुपारचं तापमान २९ अंश. भरताना खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२६ होता, आता १.०३१. उन्हामुळे नऊ दिवसांपूर्वी वर पंखा लावला, तेव्हापासून रोज तीनेक लिटर पाणी उडतं. तेवढंच मिठाचं पाणी करून भरतो. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६८. वाळूवर तपकिरी साय धरलीय. सगळं पाणी काढून पुन्हा सुरुवात करू का? आणि जंबुसरकडून समुद्राचं पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का?

खारंपाणी:
सगळं पाणी काढू नका. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. तुम्ही रोज तीन लिटरमागे शंभरेक ग्रॅम मीठ वाढवत गेलात. नऊ दिवसांत ते ९०० ग्रॅमच्या पुढे गेलं, म्हणजे लिटरमागे ६ ग्रॅम. १.०३१ म्हणजे हजारी ४१ (किलोभर पाण्यात ४१ ग्रॅम मीठ) आणि हवं ३५, हिशोब बरोबर जुळतो.

उपाय सोपा: २२ लिटर टाकीतलं पाणी काढा आणि तेवढंच साधं आरओचं घाला. मासे नाहीत, त्यामुळे दोन दिवसांत उरकलं तरी चालेल. मासे असते तर रोज ०.००१ एवढंच उतरवायचं. काढलेलं पाणी झाकून ठेवा, पाणी बदलताना पातळ करून वापरता येईल. यापुढे काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज रेघेपर्यंत साधंच पाणी भरा. मिठाचं पाणी फक्त बदलताना: आठवड्याला १५ लिटर, त्यात साधारण ५५० ग्रॅम रीफ सॉल्ट (सागरी टाकीसाठीचं तयार मीठ). आधी बादलीत पाणी, मग मीठ. उलटं केलंत तर कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो आणि तो परत विरघळत नाही. पंप लावून रात्रभर फिरू द्या. स्वयंपाकाचं मीठ मात्र चालत नाही, त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियम नसल्यातच जमा.

नायट्रेट ८० बघून घाबरू नका. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग दाखवतं. टाकीत नायट्राइट असेल तर आकडा फुगतो. नायट्राइट शून्य झाल्यावर पुन्हा मोजा.

मांडवीवाला:
समुद्राचं पाणी नको. जंबुसरचा किनारा, कावी-कंबोई, म्हणजे मही नदीचं मुख, खंभातच्या आखाताचा गाळ. खारटपणा भरती-ओहोटीनुसार बदलतो. शिवाय बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारा कालवाही जंबुसर तालुक्यातच आखाताला मिळतो. मिठात वाचलेले पैसे दुसरीकडून जातील.

खरी अडचण आरओची. टीडीएस ६८ येतोय तो बहुधा घरच्या मशीनमध्ये चवीसाठी कच्चं पाणी मिसळणाऱ्या टीडीएस कंट्रोलरमुळे किंवा मिनरल कार्ट्रिजमुळे. मेंब्रेनमधून (आरओच्या गाळणीतून) निघणारी नळी थेट बाहेर घ्या, पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) नळकांडी जोडा, टीडीएस ० यायला हवा. तपकिरी साय डायटमची (सूक्ष्म शैवालाची) आहे, पाण्यातलं सिलिकेट तिचं खाद्य. नव्या टाकीत ती येतेच, आपणहून ओसरते. औषध घालू नका.

दांडियाबाजारकर:
समजलं. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) साध्या पाण्याने शून्यावर आणलाय, ठीक ना? आणि पहिला मासा कधी? समुद्रघोडा मनात आहे.

खारंपाणी:
शून्यावर जुळलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकू शकतो. ३५चं कॅलिब्रेशन द्रावण आणून त्यावर जुळवा, २२ लिटर काढण्याआधीच. आकडा बदलला तर लिटरही बदलतील.

मासा कधी, ते टाकीच सांगेल. घाण पचवणारे जिवाणू तयार झालेत का ते बघायला अमोनिया घालून २ पीपीएमपर्यंत चढवा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ० झाले की टाकी तयार. मग थोडं पाणी बदला आणि पैदास केलेल्या क्लाउनफिशची एकच जोडी सोडा. त्यांना टाकीत ॲनिमोन (समुद्रफूल) लागत नाही. स्वस्त म्हणून डॅमसेल मासे आणू नका, पुढे आलेल्याला जगू देत नाहीत.

समुद्रघोडा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे, प्रवाळही. दुकानदार 'चालतं हो' म्हणाला तरी नको.

मांडवीवाला:
पंख्याबद्दल एक राहिलं. तो काम करतो मेच्या कोरड्या हवेत. जुलैत हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि टाकी थंडही होत नाही, तेव्हा एसी नाहीतर चिलर. आणि लाइट गेली तर बॅटरीचा एअरपंप हवाच, कोमट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. तो मासा आणण्याआधी घ्या.